१०० अक्षरांचं टायटल २५५ च्या डब्यात का मावत नाही

मामांचं भजनी मंडळ आहे, त्यांचं यूट्यूब चॅनल मीच बघतो, आणि उद्या चॅनल उडालं तर सगळंच गेलं म्हणून प्रत्येक व्हिडिओची एक कॉपी घरी ठेवायची असं ठरलं. जुना डेस्कटॉप पडून होता, त्यावर लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, वायटी-डीएलपी हे यूट्यूबचे व्हिडिओ उतरवणारं सॉफ्टवेअर लावलं आणि रात्री सुरू करून झोपलो. क्वालिटीच्या सेटिंगवर मी त्याआधी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, ७२० की १०८०, कोडेक कुठला, हे नि ते. सकाळी बघतो तर निम्मे व्हिडिओ आलेच नव्हते, प्रत्येकापुढे एकच एरर, फाईल नेम टू लाँग. इंग्रजी टायटलवाले मात्र सगळे व्यवस्थित उतरलेले, अडकले ते फक्त मराठी!

अडकलेल्यातलं एक टायटल बघा: "आषाढी एकादशीनिमित्त संपूर्ण हरिपाठ, काकड आरती आणि पसायदान | श्री विठ्ठल मंदिर भजनी मंडळ | वर्ष तिसरे". यूट्यूब टायटलला १०० अक्षरं देतं आणि मामांनी ती बरोब्बर १०० वापरलीत, एकही वाया घालवलं नाही. आता ही १०० म्हणजे आपण मोजतो तशी नाहीत हं. "श्री" आपल्याला एक अक्षर दिसतं पण कॉम्प्युटरला चार दिसतात: श, पाय मोडायचं चिन्ह, र आणि वेलांटी. काना, मात्रा, अनुस्वार, सगळ्यांना स्वतंत्र नंबर आहे. तरी १०० च ना, मग अडचण काय?

अडचण अशी की लिनक्सवरची नेहमीची फाईल सिस्टीम (डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत), ईएक्सटी४, फाईलचं नाव अक्षरांत मोजतच नाही, बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या छोट्या कप्प्यांत मोजते, आणि नावाची लांबी लिहून ठेवायला तिच्याकडे एकच बाइट असतो. एका बाइटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा २५५, म्हणून नावही जास्तीत जास्त २५५ बाइटचं. इंग्रजी अक्षर एका बाइटचं. मराठी अक्षर, काना, वेलांटी, प्रत्येकी तीन बाइट.

तीन का? तर १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ ची, म्हणजे अक्षरांचे नंबर बाइटमध्ये लिहायची पद्धत आखली. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला नंबर असतो, आणि यूटीएफ-८ मध्ये १२७ पर्यंतच्या नंबरांना एक बाइट, २०४७ पर्यंतच्यांना दोन, त्यापुढे ६५,५३५ पर्यंत तीन. ग्रीक, रशियन, अरबी ही मंडळी दोनात बसतात. देवनागरीचा कप्पा सुरू होतो २३०४ पासून, म्हणजे गेट २०४७ ला बंद झालं आणि आपण २५७ घरं मागे उभे! "म" चा नंबर २३५०, त्याचे बाइट २२४, १६४, १७४. गंमत बघा, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असतो आणि दुसरा १६४ नाहीतर १६५, म्हणजे खरी माहिती जवळपास तिसऱ्यातच, पहिले दोन नुसते "देवनागरी आली, देवनागरी आली" म्हणत पुढे चालणारे चोपदार.

आता हिशोब करा. वरच्या टायटलमध्ये देवनागरी चिन्हं ८१, त्यांचे झाले २४३ बाइट, बाकी स्पेस, स्वल्पविराम आणि दोन उभ्या रेघा मिळून १९, म्हणजे २६२. त्यात ती उभी रेघ विंडोजवर फाईलच्या नावात चालत नाही म्हणून वायटी-डीएलपी तिच्या जागी तशीच दिसणारी रुंद रेघ टाकतं, आणि ती पण तीन बाइटची, झाले २६६. शेवटी चौकटी कंसात व्हिडिओचा ११ अक्षरी आयडी, स्पेस धरून १४, वर एमपी४ चं शेपूट ४. एकूण २८४. इंग्रजीत हेच १०० अक्षरांचं टायटल असतं तर १२२ मध्ये खेळ खलास. विंडोजवर हे कळतही नाही, कारण तिथली फाईल सिस्टीम, एनटीएफएस, बाइट न मोजता दोन-दोन बाइटचे घटक मोजते आणि आपलं प्रत्येक चिन्ह एका घटकात बसतं, त्यामुळे लॅपटॉपवर नीट चाललेली सेटिंग लिनक्सवर टाकली की आपटते.

उपाय आहे, एका अक्षराचा. नाव कसं बनवायचं ते आउटपुट टेम्प्लेटमध्ये सांगतात, तिथे टायटलपुढे टिंब, आकडा आणि स्मॉल एस टाकला की तेवढी अक्षरं ठेवून बाकी कापतं. बरेच लोक २०० आणि एस टाकतात, मीही तेच केलं होतं, पण १०० चं टायटल २०० ला कुठून कापलं जाणार. एसच्या जागी कॅपिटल बी टाकला की बाइट मोजतं. मी १८० ठेवले, कारण डाउनलोड चालू असताना नावाला तात्पुरतं शेपूट लागतं, आणि सबटायटल, माहितीची फाईल यांचीही शेपटं वेगळी. एक सेटिंग मात्र चुकूनही चालू करू नका, नाव फक्त साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवणारी. ती मराठी अक्षर दिसलं की अंडरस्कोर टाकते, काना-मात्रा तर सरळ उडवते, मग ओळीने आलेले अंडरस्कोर एकात मिळवते, आणि नावात फक्त आयडी ओळखू येतो.

बी लावून परत चालवलं, सगळं उतरलं. मामांना टीव्हीवर लिस्ट दाखवली तर ते चष्मा वर करून म्हणाले, "अरे, विठ्ठल अर्धाच आलाय!" खरंच, १८० बाइट संपले ते "श्री विठ" वर. एखादं चिन्ह मधोमध तुटू नये एवढं सॉफ्टवेअर बघतं, जोडाक्षर किंवा शब्द तुटू नये हे त्याच्या गावी नाही.

ट्यूब आर्काइव्हिस्टसारखी व्हिडिओंचा संग्रह सांभाळणारी सॉफ्टवेअर ही भानगडच ठेवत नाहीत, फाईलला नुसता आयडी देतात आणि टायटल आपल्या डेटाबेसमध्ये. चांगलंय, पण डेटाबेस बिघडला की हातात ११-११ अक्षरी अगम्य नावांचा ढीग, त्यामुळे बॅकअपमध्ये डेटाबेसही घ्या. आणि काही नासमध्ये (घरच्या नेटवर्कवरची साठवणपेटी) एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद फोल्डर करतात ना, तिथे तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे मराठी चिन्हं जेमतेम ४७.

शोधाची एक खोच राहिलीच. "वारकऱ्यांचा" मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, पाय मोडून, मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना तेच, पण साधा शोध नंबर जुळवतो, म्हणून निम्मेच व्हिडिओ सापडतात. मी "वारक" एवढंच टाकून शोधतो.

मामांनी आपल्या परीने तोडगा काढलाय. नव्या टायटलमध्ये श्री विठ्ठल पहिला, आषाढी-कार्तिकी नंतर, आणि वर्ष कितवं ते सगळ्यात शेवटी, कापलं तर कापलं.