अश्वारोहण प्रशिक्षण व परीक्षा

घोडेस्वारी क्लबच्या सभासदांना टप्प्याटप्प्याने स्वारी आणि घोड्याची निगा शिकवून त्यांची चाचणी घेण्याची, तसेच स्पर्धांसाठी पंच व अन्य अधिकारी घडवण्याची पद्धत; येथे ती सातारा जिल्ह्याच्या संदर्भात पाहिली आहे. या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम १९२१ साली स्थापन झालेला, लोझानस्थित आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ (एफईआय) ठरवतो. भारतात हे काम भारतीय अश्वारोहण महासंघ (ईएफआय) पाहतो.

साताऱ्याला घोडा नवा नाही. थोरल्या शाहू महाराजांच्या काळात येथे मराठ्यांची राजधानी होती. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. चाबुकस्वार घोडा तयार करी, मोतद्दार खरारा करी. परीक्षा वेगळी घ्यावी लागत नसे, घोडामैदान जवळच असे. टप्पे पाडून क्लबच्या मुलांची परीक्षा घेण्याची आजची रीत मात्र ब्रिटनमधून आली. तेथे १९२९ मध्ये सुरू झालेल्या पोनी क्लबच्या चाचण्या ‘डी’पासून ‘ए’पर्यंत चढत जातात.

पहिल्या टप्प्यात घोड्याजवळ कसे जावे, डावीकडून कसे चढावे, लगाम न हिसकता कसे थांबवावे एवढेच असते. पुढे दुडकी येते आणि मांड किती पक्की आहे ते तिथे कळते. दुडकीत घोड्याचे तिरप्या जोडीतले पाय एकदम उचलले जातात. गोलात फिरताना त्याचा बाहेरचा पुढचा पाय पुढे जाईल तेव्हा स्वाराने जिनावरून उठायचे आणि तो मागे येताना बसायचे. नवखा स्वार खाली वाकून पाय शोधू लागतो आणि तोल घालवतो. सरावलेल्याला ते बैठकीतूनच कळते. त्यानंतर भरधाव चाल आणि लहान उड्या.

गुण बहुतेक वेळा जातात ते मात्र स्वारीत नव्हे, तबेल्यात. तंग (जीन बांधण्याचा पोटाखालचा पट्टा) आवळताना काही घोडे छाती फुगवून घेतात. म्हणून चार पावले चालवून तंग पुन्हा तपासायचा असतो. हे न करणाऱ्याचे जीन चढतानाच एका बाजूला घसरते. खूर टाचेकडून पुढच्या टोकाकडे साफ करायचा, मधल्या मऊ भागाला इजा होऊ द्यायची नाही. वरच्या टप्प्यांत चारा-खुराकाचे प्रमाण, नालबंदी, पोटशूळाची लक्षणे विचारतात. शांत उभ्या घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, हे पाठ असून भागत नाही; जबड्याखाली बोट ठेवून ते मोजून दाखवावे लागतात.

अधिकाऱ्यांमध्ये पंच, स्टुअर्ड, अडथळ्यांचा मार्ग आखणारे, तांत्रिक प्रतिनिधी आणि पशुवैद्य येतात. ड्रेसाजचा (घोड्याकडून ठरलेल्या शिस्तबद्ध हालचाली करून घेण्याच्या प्रकाराचा) पंच २० बाय ६० मीटरच्या मैदानात प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतो. त्याची नजर पुस्तकाने तयार होत नाही. आधी पंचाशेजारी लेखनिक म्हणून बसायचे, मग स्वतः गुण देऊन अनुभवी पंचाच्या गुणांशी ताडून पाहायचे, आणि मग परीक्षा. स्टुअर्डचे काम सरावाच्या मैदानावरचे आहे: मदत करणे, गैरप्रकार होऊ न देणे, झालाच तर हस्तक्षेप करणे. नाकपट्टा फार आवळलेला नाही ना, हेही तो पाहतो. पूर्वी त्यासाठी बोटे सरकवून अंदाज घेत, २०२५ पासून एफईआयने मोजमापाचे साधन ठरवून दिले आहे. आपल्या शिष्याला किंवा नातेवाइकाला आपणच गुण द्यायचे नाहीत, हा नियम सगळीकडेच आहे. जिथे सगळे घोडेवाले एकमेकांना ओळखतात अशा छोट्या वर्तुळात तो पाळणे अवघड जाते.

सातारा जिल्ह्यात याला उपयोगी पडणारे ज्ञान दोन टोकांना आहे. एक शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात. दुसरे महाबळेश्वरचा वेण्णा तलाव आणि पाचगणीचे टेबललँड येथे पर्यटकांना रपेट घडवणाऱ्या घोडेवाल्यांकडे. जांभ्याच्या कठीण सड्यावर नाल किती टिकते, पावसाळ्यात ओल्या ठाणावर खूर का सडतो, हे त्यांना विचारावे. त्यांच्यापैकी कितीतरी जण निगेचा तोंडी भाग सहज उत्तीर्ण होतील, पण कागदावर ते कुठेच नसतात. साताऱ्याच्या सैनिक शाळेतून (स्थापना १९६१) खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) गेलेल्या मुलांना तेथे घोडेस्वारी शिकावी लागते. ती वाट लष्करी असून क्लबच्या चाचण्यांशी तिचा थेट संबंध नाही.

स्पर्धेला किंवा परीक्षेला बाहेरून घोडा आणताना ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला महत्त्वाचा ठरतो. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला मारावे लागते. त्यामुळे आयोजकाच्या प्रशिक्षणात हा भाग शेवटी उरकून टाकण्याजोगा नाही.