थंड झाली की चालू होते

मे महिन्यातली दुपार. परतवाड्याच्या पुढं, मेळघाटाच्या पायथ्याशी एका कोरड्या नाल्यात माझा मावसभाऊ त्याची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल दगडांवरून चढवत होता. सीट काढलेली, मडगार्ड छाटलेलं, लाइट कधीच घरी राहिलेला. वीस मिनिटं गाडी झकास चालली आणि एका खडकाच्या टोकावर गपकन बंद पडली. किक मारून मारून त्याच्या पोटऱ्या भरून आल्या. मग बाभळीखाली अर्धा तास बसलो, पाणी प्यालो. उठल्यावर त्यानं सहज किक मारली, तर पहिल्याच झटक्यात सुरू. "पाह्य भाऊ, इले बी ऊन लागते!"

या खेळाला ट्रायल्स म्हणतात. इथं वेगाला किंमत नाही, तोलाला आहे. पाय जमिनीला टेकला की दंडाचा गुण बसतो. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल शंभर वर्षांहून जुनी आहे. या खेळासाठी बनलेल्या गाड्यांना सीट जवळपास नसतेच, आणि बऱ्याच गाड्यांना बॅटरीही नसते. ठिणगीची वीज इंजिन स्वतःच फिरता फिरता तयार करतं. भावाची गाडी दिसायला त्यांची गरीब नातलग, पण ठिणगीच्या बाबतीत सख्खी.

स्टँडजवळच्या मिस्त्रीकडं नेईस्तोवर गाडी थंड झालेली असायची, म्हणजे ठणठणीत. त्यानं आपला स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा तुकडा, बदलून दिला. असं तीन वेळा झालं.

प्लगवर राग काढण्याआधी करंट कुठून येतो ते पाहू. इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या आत एक चार्जिंग कॉइल बसवलेली असते. चुंबक तिच्यासमोरून गेला की तिच्यात शेकडो व्होल्टचा दाब तयार होतो आणि तो सीडीआयच्या, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतल्या कपॅसिटरमध्ये साठतो. पिस्टन योग्य जागी आला की छोटी पिकप कॉइल इशारा देते, कपॅसिटर एका दमात रिकामा होतो, आणि टाकीखालची एचटी (हाय टेन्शन) कॉइल त्या धक्क्याचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. प्लग हा या रांगेतला शेवटचा गडी. दिसतो तो, म्हणून मार खातो तो.

प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी पाहायची, ही आपल्याकडची सर्वमान्य परीक्षा. ती अर्धवट आहे. मोकळ्या हवेत १ मिलिमीटर अंतर उडी मारायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, आणि दाब वाढला की तेवढंच अंतर ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून बाहेर मरतुकडी पिवळी ठिणगी दाखवणारा प्लग आत गेल्यावर मुका होऊ शकतो. बाहेर ५-६ मिलिमीटरची फट उडी मारून जाणारी, चटचट आवाज करणारी निळी ठिणगी दिसली तर भरवसा ठेवावा. प्लगचा धातू इंजिनला पक्का टेकलेला हवा आणि प्लगच्या उघड्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

यानंतर मी मल्टिमीटर काढणार होतो, पण आधी फुकटची तपासणी. बॅटरीवाल्या इग्निशनमध्ये किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, करंट तोडतो. अशा सीडीआय गाडीत मात्र तो चार्जिंग कॉइलचा करंट गाडीच्या सांगाड्यात (चेसिसमध्ये) उतरवून टाकतो. म्हणजे इथं वायर तुटली तर गाडी बंदच होत नाही, आणि वायर सोलली जाऊन चेसिसला लागली तर चालूच होत नाही. ट्रायल्समध्ये हँडल सतत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतं, त्यामुळं मानेपाशी वायर घासते. हँडल डावीकडं वळवल्यावर इंजिन मरत असेल तर तिथंच पाहावं. आम्ही किल स्विचची वायर सोडवून ठेवली. (मग गाडी बंद करायची तर गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा.) तरी विसाव्या मिनिटाला गाडी गेलीच.

या वेळी मीटर पिशवीत होता. घरी, सकाळी २५ अंशांना चार्जिंग कॉइलचा रोध ३०० ओहम मोजून ठेवला होता. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो; कॉइल ११० अंशांपर्यंत तापली तर आकडा ४०० च्या आसपास यायला हवा, आणि तो आला तर कॉइलला दोष देता येत नाही. आकडा उलट खाली घसरला असता तर आतले वेढे एकमेकांना चिकटले म्हणायचं. टाकीखालचा जोड सोडवून एक टोक वायरला, दुसरं इंजिनला लावलं. मीटरनं काहीच दाखवलं नाही. तार आत कुठंतरी तुटली होती.

तुटलेली तार थंड असताना टोकाला टोक टेकून असते. तापल्यावर कॉइलमधलं सगळं थोडं थोडं प्रसरण पावतं आणि ती केसाएवढी फट उघडते. ट्रायल्समध्ये गाडी चालते पायी चालण्याच्या वेगानं, त्यामुळं इंजिनला वारा नाही, आणि कॉइल बसलेली इंजिनला चिकटून. त्यात आपला मे महिना. अर्ध्या तासानं बाभळीखाली पुन्हा मोजलं, तर ३३० ओहम.

विदर्भात एक सोय आहे: शेतपंपाच्या मोटारी भरणारा, म्हणजे त्यांची तार नव्यानं गुंडाळणारा, प्रत्येक तालुक्याला सापडतो. आमच्यावाल्यानं कॉइल चष्म्याजवळ धरली. "एवढी बारीक तार मोटरीत कुठी असते भाऊ? तुटली तं मले नोका म्हणू." वेढे मोजत जुनी तार उकलली, तेवढेच वेढे त्याच दिशेनं घातले, वॉर्निश पाजून कॉइल भाजली. मी ती गरम असतानाच मीटर लावला. आकडा तापल्यामुळं वाढलेला होता, पण गायब झाला नाही.

काढलेले तीन प्लग भावाकडं बिस्किटाच्या डब्यात आहेत. घासून लावून पाहिले. तिन्ही चांगले निघाले.