रोटरचा पिंजरा आणि सांध्याचा प्रश्न

इंडक्शन मोटरचा, म्हणजे स्थिर भागातील फिरत्या चुंबकीय क्षेत्रामागे ओढल्या जाणाऱ्या विजेच्या मोटरचा, ओतीव रोटर (फिरणारा भाग) मधोमध आडवा कापून त्याचा छेद घासून गुळगुळीत केला, की लोखंडी पत्र्याच्या करड्या वर्तुळात परिघालगत एका रांगेत बसलेले ॲल्युमिनियमचे पांढरे, थेंबाच्या आकाराचे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रोटरच्या लांबीभर गेलेल्या, वीज वाहून नेणाऱ्या एका दांड्याचा छेद. त्यांपैकी एखाद्यात टाचणीच्या डोक्याएवढे भोक दिसले, तर ओतताना तिथे हवा अडकली किंवा धातू थंड होताना आक्रसला, असे समजावे. त्या दांड्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढलेला असतो, तो इतरांपेक्षा अधिक तापतो आणि मोटर बंद-चालू होण्याच्या फेऱ्यांत कधीतरी तिथेच तडकतो. रोटरच्या निर्मितीचा इतिहास पाहताना हे भोक नजरेसमोर ठेवावे, कारण या यंत्रामागची विद्युतशास्त्रीय कल्पना १८८९ सालीच जवळपास पूर्ण झाली होती. त्यानंतरची सव्वाशेहून अधिक वर्षे मुख्यतः ती कल्पना धातूत निर्दोष उतरवण्यात गेली.

कल्पनेची सुरुवात १८२४ साली झाली. तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते, हे आरागो यांनी दाखवले आणि त्याचे कारण फॅरडे यांच्या १८३१ मधील प्रवर्तनाच्या, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात प्रवाह निर्माण होण्याच्या, शोधानंतर उलगडले. १८७९ साली वॉल्टर बेली यांनी चार विद्युतचुंबक आळीपाळीने चालू-बंद करून त्यांच्यावरची तांब्याची चकती फिरवली. तुरीन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये दोन प्रत्यावर्ती प्रवाहांपासून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण केले आणि त्यावरील निबंध मार्च १८८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निकोला टेस्ला यांना अमेरिकेत त्यांच्या मोटरची पेटंटे मिळाली. फेरारिस यांचा रोटर तांब्याचा साधा सिलिंडर होता. अशा मोटरची कार्यक्षमता ५० टक्क्यांपलीकडे जाणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जास्तीत जास्त शक्ती जिथे मिळते, त्याच वेगाला त्यांनी मोटर चालवण्याचा वेग मानले होते आणि त्या वेगाला निम्मी ऊर्जा रोटरच्या उष्णतेत जाते, हे त्यांचे गणित बरोबर होते. चूक झाली ती तो वेग निवडण्यात.

ही चूक ओळखली बर्लिनच्या एईजी कंपनीतील मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी. रोटरचा रोध अगदी कमी ठेवला, तर तो फिरत्या क्षेत्राच्या वेगाच्या थोडाच मागे राहील आणि नासाडीही तेवढीच कमी होईल, हे त्यांच्या ध्यानात आले. परंतु नुसत्या तांब्याच्या सिलिंडरमधून चुंबकीय प्रवाह नीट जात नाही आणि नुसते लोखंड वीज चांगली वाहून नेत नाही. त्यांनी १८८९ मध्ये काढलेला मार्ग असा: लोखंडी सिलिंडरला परिघालगत लांबीच्या दिशेने भोके पाडायची, त्यांत तांब्याचे दांडे घालायचे आणि दोन्ही टोकांना ते सगळे दांडे एकमेकांशी विद्युतदृष्ट्या जोडून टाकायचे. लोखंड वगळून उरलेला तांब्याचा सांगाडा खारीला पळायला ठेवतात तशा गोल पिंजऱ्यासारखा दिसतो, म्हणून ‘स्क्विरल केज’ हे नाव रुळले. १८९१ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात १७५ किलोमीटरवरच्या लाउफेन येथून आणलेल्या विजेवर त्यांची १०० अश्वशक्तीची मोटर पंप चालवून कृत्रिम धबधबा वाहता ठेवत होती.

पुढे भरीव लोखंडाऐवजी पातळ पत्र्यांची चळत वापरात आली. इथे एक बारकावा सांगितला पाहिजे. पूर्ण वेगात चालणाऱ्या रोटरमधील प्रवाहाची वारंवारता सेकंदाला एक-दोन आवर्तनांइतकीच असते, त्यामुळे त्याच्या अंतर्भागात भोवरी प्रवाहांची (लोखंडात गोल फिरून त्याला नुसते तापवणाऱ्या प्रवाहांची) नासाडी फारशी होत नाही. पृष्ठभागावर मात्र स्टेटरच्या (रोटरभोवतीच्या स्थिर भागाच्या) खाचांमुळे क्षेत्र झपाट्याने कमी-जास्त होत असते आणि तिथे पत्रे उपयोगी पडतात. शिवाय स्टेटरची कडी पंचमध्ये कापली, की तिच्या पोटातून निघणारी चकती रोटरच्या मापाची असते. एकाच पत्र्यातून दोन्ही निघतात आणि भंगार कमी होते. माझ्या मते पत्र्यांचा रोटर सर्वत्र रूढ होण्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे. हॅडफील्ड यांच्या सिलिकॉनयुक्त पोलादाने विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडातील नासाडी आणखी घटवली.

खरी अडचण होती ती टोकाच्या कडीची, म्हणजे सगळे दांडे एकमेकांशी जोडणाऱ्या धातूच्या कडीची. सुरुवातीच्या काळात दांडे कडीला स्क्रूने आवळत, रिव्हेट मारत किंवा कथिल-शिशाच्या डागाने (सोल्डरने) जोडत. एका रोटरमध्ये असे कित्येक डझन सांधे येतात. मोटरवर जादा भार पडला, की रोटर तापतो. हा डाग १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागतो आणि फिरण्याच्या जोरावर बाहेर फेकला जातो. एक सांधा सुटला, की त्याचा प्रवाह शेजारच्या दांड्यांवर पडतो आणि तेही तापतात. चांदीमिश्रित ब्रेझिंग (अधिक उष्णतेला वितळणाऱ्या धातूने केलेला पक्का जोड) आणि वेल्डिंग आल्यावर हा धोका बराच टळला, पण प्रत्येक सांध्यासाठी कुशल हात लागतच राहिला.

सांधाच नको, हा विचार ॲल्युमिनियममुळे शक्य झाला. हॉल आणि हेरू यांच्या १८८६ च्या प्रक्रियेने हा धातू स्वस्त होत गेला. त्याची विद्युतवाहकता तांब्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास असली, तरी तो ६६० अंशांना वितळतो. चळतीभोवती साचा बसवून खाचांमध्ये वितळलेला धातू भरला, तर दांडे, दोन्ही कड्या आणि हवा ढकलणारी पातीसुद्धा एकसंध निघतात. आधी वरून ओतून, मग साचा गरगर फिरवून हे काम केले गेले. दाब देऊन ओतण्याची कला मुळात छपाईचे खिळे पाडणाऱ्यांची. पण त्या यंत्रांत लोखंडी पंप वितळलेल्या धातूतच बुडालेला असे आणि ॲल्युमिनियम लोखंडाला खात जाते. म्हणून धातू वेगळ्या भट्टीत वितळवून प्रत्येक खेपेला पळीने थंड नळकांड्यात घालणारी ‘कोल्ड चेंबर’ यंत्रे यावी लागली. ती आल्यावर रोटर काही सेकंदांत भरू लागला. १८९७ साली ७.५ अश्वशक्तीची मोटर जेवढी जागा अडवत असे, तेवढ्याच बसवणीच्या मापात पुढे १०० अश्वशक्ती मावू लागली. या बदलात पोलाद आणि इन्सुलेशन यांच्याबरोबर ओतीव रोटरचाही हात आहे.

दाब देऊन ओतण्याच्या या पद्धतीने, म्हणजे डाय कास्टिंगने, जुने दोष घालवले, पण स्वतःचे दोष आणले. ॲल्युमिनियम घट्ट होताना सुमारे ६ टक्क्यांनी आकसते, म्हणून सर्वांत शेवटी गोठणाऱ्या जाड कडीत पोकळ्या राहतात. वेगाने शिरणारा धातू हवेलाही सोबत नेतो. दुसरी गोष्ट म्हणजे दांडे लोखंडाला उघडे चिकटलेले असतात. आवाज आणि झटके कमी करण्यासाठी दांडे किंचित तिरपे ठेवले जातात आणि अशा रोटरमध्ये एका दांड्यातून शेजारच्या दांड्याकडे पत्र्यांमधून प्रवाह गळतो. त्यावरचा उपाय मला फार समर्पक वाटतो: रोटर तापवून एकदम थंड करायचा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट आकुंचन पावते, दांडा खाचेच्या भिंतीपासून केसभर सुटतो आणि मधला संपर्क तुटतो. त्यानंतर रोटर लेथवर कातताना हत्यार बोथट असेल, तर पृष्ठभागावरचे पत्रे एकमेकांत लिंपले जातात आणि पत्रे वेगळे ठेवण्याचा खटाटोप त्या थरापुरता वाया जातो. लहान मोटरमध्ये रोटर आणि स्टेटर यांच्यातील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, त्यामुळे कातल्याशिवाय गत्यंतर नाही.

तांबे ओतण्याची इच्छा जुनीच होती. मात्र ते १०८५ अंशांना वितळते आणि त्या उष्णतेच्या धक्क्यांनी साच्याचे पोलाद थोड्याच खेपांत भेगाळते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तांबे उद्योगाच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगांत निकेलच्या मिश्रधातूंचे साचे ६०० अंशांच्या आसपास तापवून ठेवले, तेव्हा प्रत्येक खेपेचा धक्का कमी झाला आणि ते टिकू लागले. २००३ मध्ये जर्मनीतील एसईडब्ल्यू-युरोड्राइव्हने ओतीव तांब्याच्या रोटरच्या मोटरी बाजारात आणल्या. केवळ धातू बदलून मात्र भागत नाही. रोध घटला, की सुरुवातीचा पीळही (मोटर फिरवणारा जोर, टॉर्क) घटतो; म्हणून खाचेचा आकार नव्याने ठरवावा लागतो, ज्यामुळे मोटर सुरू होताना प्रवाह दांड्याच्या बाहेरच्या कडेला गोळा होऊन रोध तेवढ्यापुरता वाढतो.

मोठ्या मोटरींमध्ये आजही घडीव तांब्याचे दांडे खाचेत ठोकून घट्ट बसवतात आणि कडीला ब्रेझ करतात. दोहोंमधला एक मार्गही चाचपला गेला आहे: दांडे घडीव तांब्याचे ठेवायचे आणि टोकाची कडी तेवढी त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमची ओतायची. त्यात साच्याचा खर्च वाचतो, पण ॲल्युमिनियमवर क्षणात धरणारी ऑक्साइडची पातळ साय दोन धातूंच्या मध्ये येते आणि दांडा कडीला खरोखर लागला आहे की नाही, हे प्रत्येक टोकाशी पुन्हा तपासावे लागते.