पाच नावं, पीक एकच: इंडेक्स फंडामागची गोष्ट

दिवाळीला भाचा संभाजीनगरजवळच्या वाळूजहून अंबाजोगाईला आला आणि फराळाच्या ताटावरच त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. पाच फंड, प्रत्येकात महिन्याला हजार रुपयांची एसआयपी. "मामा, सगळे इंडेक्स फंडच घेतलेत. पैसा पाच ठिकाणी विभागून ठेवलाय." इंडेक्स फंड म्हणजे स्वतः शेअर न निवडता एखाद्या निर्देशांकातल्या, म्हणजे ठरलेल्या यादीतल्या, सगळ्या कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा फंड. मी यादी वाचली. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे निफ्टी 50 फंड, एक सेन्सेक्सचा, एक बँक निर्देशांकाचा. तिन्ही निफ्टी फंडांत तेच पन्नास शेअर, त्याच प्रमाणात. सेन्सेक्समधल्या 30 कंपन्या जवळजवळ सगळ्याच निफ्टीतही असतात. निफ्टीत सर्वांत मोठा वाटा आधीच बँका आणि वित्त कंपन्यांचा. म्हणजे नावं पाच होती, पीक एकच होतं.

पोराला दोष देण्यात अर्थ नाही. इंडेक्स फंड हे नाव आता गावोगावी पोचलंय, पण तो कशासाठी निघाला हे फारसं कुणी सांगत नाही. ते कळलं की निवड पुष्कळ सोपी होते.

आपल्या भागात पैसा कायम माणसाकडे बघून ठेवला गेला. मोंढ्यात माल घातला की लागेल तेवढे पैसे घ्यायचे आणि बाकीचे आडत्याकडेच राहू द्यायचे, ही रीत कित्येक घरांत आजही आहे. निजामाच्या राज्यात 1941 मध्ये हैदराबाद स्टेट बँक निघाली, पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि 2017 मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. आमच्या वडिलांच्या पिढीला बँक म्हणजे तीच. पण बँकेच्या जोडीला भिशी होती, विम्याचा एजंट होता, नंतर पतसंस्था आणि मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्था, आल्या. या सगळ्यांत प्रश्न एकच विचारला जायचा: माणूस ओळखीचा आहे का?

2023-24 मध्ये संभाजीनगर आणि बीडकडे अशा संस्था अडचणीत आल्यावर ठेवीदारांवर काय वेळ आली ती सगळ्यांनी पाहिली. माझ्या चुलत्यांनी निवृत्तीच्या पैशातले आठ लाख अशाच एका संस्थेत ठेवले होते. बँकेपेक्षा व्याज जास्त, आणि शाखेतला माणूस गावातला. शाखेला कुलूप लागल्यावरही ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ठेव पावती घेऊन आठवड्यातून दोनदा तिथं जाऊन उभे राहायचे. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून 5 लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे, पण पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था त्यात येत नाहीत. हे त्यांना पावती फाटायला आल्यावर कळलं.

इंडेक्स फंडाची गोष्ट याच प्रश्नापासून सुरू होते. कुणाच्या शब्दावर पैसा ठेवायचा?

अमेरिकेत 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला. अल्फ्रेड काउल्स हा श्रीमंत गृहस्थ बाजाराचे अंदाज सांगणारी पत्रकं पैसे मोजून मागवायचा, आणि एवढ्या मोठ्या घसरणीची कल्पना त्यातल्या बहुतेकांनी दिली नव्हती. म्हणून त्यानं अंदाज सांगणाऱ्यांचा हिशोबच मांडला. 1932 च्या अखेरीस त्यानं निष्कर्ष सांगितला: या मंडळींचं काम नुसत्या अटकळीपेक्षा सरस ठरत नाही. पुढे 1952 मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी विभागणीचं गणित मांडलं. एकेक शेअर किती चांगला यापेक्षा ते शेअर एकमेकांसोबत कसे हलतात, यावर सगळ्या पोतडीची जोखीम ठरते. या कामासाठी त्यांना 1990 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे गणित अनुभवानं ठाऊक आहे. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी कशासाठी पेरतो आपण? सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, तूर खोल मुळांवर पुढे तग धरते. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली तर एक मार खातं, दुसरं हाती लागतं. पण त्याच रानात सोयाबीनचेच तीन वाण पेरले तर त्याला आंतरपीक म्हणत नाहीत. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो लगेच समजला.

कल्पना होती, पण ती प्रत्यक्षात आणायला 1971 उजाडलं. सॅमसोनाइट या बॅगा बनवणाऱ्या कंपनीच्या पेन्शन फंडातले 60 लाख डॉलर वेल्स फार्गो बँकेनं असे गुंतवले की कुणी शेअर निवडायचेच नाहीत. न्यूयॉर्क बाजारातल्या सगळ्या कंपन्यांत सारखा पैसा. ऐकायला फार न्याय्य वाटतं, पण तिथंच अडचण झाली. भाव रोज हलतात, त्यामुळे वाटे सारखे राहत नाहीत. ते सारखे ठेवायला सतत खरेदी-विक्री, आणि प्रत्येक व्यवहाराला खर्च. शेवटी कंपनीच्या बाजारमूल्याप्रमाणे वाटा देण्याची पद्धत धरली गेली. मोठ्या कंपनीला मोठा वाटा, छोटीला छोटा. भाव वाढला की वाटा आपोआप वाढतो, हात लावावा लागत नाही. आजचे निफ्टी आणि सेन्सेक्स याच तत्त्वावर चालतात, फक्त प्रवर्तकांकडचे, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांकडचे, शेअर बाजूला ठेवून बाजारात फिरणाऱ्या शेअरांचंच मूल्य धरतात.

सामान्य माणसासाठी हा फंड जॉन बोगल यांनी आणला. 1975 मध्ये त्यांनी व्हॅनगार्ड सुरू केली. तिची मालकी फंडांकडे, म्हणजे शेवटी गुंतवणूकदारांकडेच. वेगळा मालक नाही, त्यामुळे नफा बाहेर काढायची घाई नाही. 1976 मध्ये त्यांनी एस अँड पी 500 या अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या धर्तीवर फंड आणला. 15 कोटी डॉलर जमतील असा अंदाज होता, जमले 1 कोटी 13 लाख. पाचशे कंपन्यांचे शंभर-शंभर शेअर घ्यायलाही ते पुरेनात. बाजारातल्या लोकांनी त्याला बोगलचा वेडेपणा म्हटलं, सरासरीवर समाधान मानणं अमेरिकी माणसाला शोभत नाही अशी पोस्टरं लागली. बोगल यांचं म्हणणं मात्र साध्या बेरीज-वजाबाकीचं होतं. सगळे गुंतवणूकदार मिळून म्हणजेच बाजार, मग सगळ्यांना मिळून बाजाराएवढाच परतावा मिळणार, आणि त्यातून जो जास्त फी भरेल त्याच्या हाती कमी उरणार. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद वाटतो. 2019 मध्ये बोगल गेले, तोवर जगातला प्रचंड पैसा त्यांच्या वाटेनं आला होता.

आपल्याकडे तेव्हा म्युच्युअल फंड म्हणजे यूटीआय, अर्थात युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया. 1963 च्या कायद्यानं ही संस्था स्थापन झाली आणि 1964 मध्ये तिनं युनिट स्कीम 64 आणली. मास्तर, तलाठी, एसटीतले कर्मचारी, ज्यांना पगार होता त्यांच्या घरी यूएस-64 ची प्रमाणपत्रं असायची. सरकारचं आहे म्हणून लोक निर्धास्त होते. पण युनिटचा भाव आतल्या शेअरांच्या खऱ्या किमतीशी बांधलेला नव्हता, संस्था तो जाहीर करायची. आतली किंमत खाली गेली तरी बाहेरचा भाव तसाच. जुलै 2001 मध्ये खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवावी लागली. देशभरात सुमारे 2 कोटी युनिटधारक होते. शेअर बाजारवाल्या फंडावर भरवसा ठेवायचा नाही, ही आपल्याकडच्या ज्येष्ठांची धारणा बरीचशी तेव्हाची आहे. ती समजून घ्यायला हवी.

निर्देशांक आपल्याकडे आधीच आले होते. 1978-79 हे पायाभूत वर्ष 100 धरून सेन्सेक्स 1986 पासून मोजला जाऊ लागला. 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार सुरू झाला आणि उपग्रहानं जोडलेल्या पडद्यांमुळे मुंबईबाहेरच्या गावांतूनही सौदा करता येऊ लागला. निफ्टी 50 आला 1996 मध्ये. पहिला इंडेक्स फंड यूटीआयनंच 1998 मध्ये सेन्सेक्सवर काढला.

मग पुढची वीस वर्षं आपल्यापर्यंत ही गोष्ट का आली नाही? एक कारण असं की त्या काळात निवडून शेअर घेणारे बरेच फंड निर्देशांकाच्या पुढे होते. दुसरं कारण कमिशन. 2009 पर्यंत गुंतवलेल्या शंभर रुपयांतून सव्वादोन रुपयांपर्यंत प्रवेश शुल्क कापलं जायचं आणि त्यातून विकणाऱ्याला मोबदला मिळायचा. कमी खर्चाचा फंड विकण्यात त्याला काही सुटत नव्हतं. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं ऑगस्ट 2009 मध्ये ते शुल्क बंद केलं आणि जानेवारी 2013 पासून मध्यस्थाशिवाय घ्यायचे डायरेक्ट प्लॅन आले. तिसरं कारण सूक्ष्म आहे. 2018 पर्यंत फंडांची तुलना लाभांश, म्हणजे कंपन्या नफ्यातून वाटतात ते पैसे, न धरलेल्या निर्देशांकाशी व्हायची. फंडाला लाभांश मिळायचा, निर्देशांकाच्या आकड्यात तो नसायचा. वर्षाला एक-सव्वा टक्क्याचा हा फरक फंडाची हुशारी म्हणून खपायचा. लाभांशासह तुलना सक्तीची झाली आणि मोठ्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या फंडांची झाकली मूठ उघडली.

मधल्या काळात वाळूजचा कामगार नकळत इंडेक्स गुंतवणूकदार झाला होता. भविष्य निर्वाह निधीनं ऑगस्ट 2015 पासून नव्यानं येणाऱ्या रकमेतला 5 टक्के भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये, म्हणजे बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या इंडेक्स फंडांत, घालायला सुरुवात केली, 2017 मध्ये तो 15 टक्क्यांवर नेला. भाच्याचा पीएफ कापला जातो, त्यातूनही एक हिस्सा त्याच पन्नास कंपन्यांत जातो. त्याला हे माहीतच नव्हतं.

विभागणीचा विचार आपल्या पोटापासूनच करायला हवा. भाचा दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. पगार, पीएफ, बजाजनगरातलं भाड्याचं घर, सगळं वाहन उद्योगावर उभं आहे. अशा वेळी बचतही ओळखीच्या कंपनीच्या शेअरांत घालायचा मोह होतो, कारण तिचं गेट रोज दिसतं. त्याच संभाजीनगर जिल्ह्यात चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, घराघरांत तिचा टीव्ही होता. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांची नोकरी आणि शेअर दोन्ही एकाच ठिकाणी असतात, त्यांचं दोन्ही एकाच दिवशी जातं.

निर्देशांक अशा धक्क्यातून पूर्ण वाचवतो असं नाही. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा हिशोबातला घोटाळा 7 जानेवारी 2009 रोजी उघड झाला तेव्हा ती निफ्टीत आणि सेन्सेक्समध्येही होती. काही दिवसांत तिला काढलं, पण भाव त्याआधीच कोसळला होता. मार्च 2020 मध्ये निफ्टीतल्या येस बँकेचंही तसंच झालं. फरक एवढाच की पन्नासातली एक पडते आणि दुसरी तिच्या जागी येते, गुंतवणूकदाराला काही करावं लागत नाही. सगळा बाजार पडला तर मात्र आडोसा नाही. जानेवारी 2020 मध्ये 12,400 च्या आसपास गेलेला निफ्टी 23 मार्चला 7,610 वर बंद झाला. पोरीचं लग्न किंवा बोअरवेलचे पैसे यात घालू नयेत, असं मी म्हणतो ते याच आकड्यासाठी.

आता पंचाईत वेगळीच झालीय. इंडेक्स हा शब्द कशालाही चिकटतो. सेबीच्या 2019 च्या नियमानुसार फंडाच्या निर्देशांकात किमान 10 कंपन्या हव्यात, आणि एका क्षेत्राच्या निर्देशांकात एकाच कंपनीचा वाटा 35 टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणजे दहा कंपन्यांचा, एकाच धंद्यातला, तिसरा हिस्सा एकाच शेअरवर असलेला फंडही इंडेक्स फंडच. बोगल यांना जे अभिप्रेत होतं त्याच्या हे उलट आहे, आणि नव्या माणसानं त्यापासून लांब राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यापक म्हणावेत असे पर्याय मोजकेच. निफ्टी 50 पुरेसा रुंद आहे, पण पहिल्या दहा कंपन्यांकडेच निम्म्याहून जास्त वजन असतं. त्याला नेक्स्ट 50, म्हणजे त्यानंतरच्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक, जोडला की पहिल्या शंभर कंपन्या होतात. निफ्टी 500 मध्ये बाजाराचा बहुतांश भाग येतो, मधल्या आणि छोट्या कंपन्यांसह. एकाच निर्देशांकाच्या दोन फंडांत निवडायचं तर खर्चाचं प्रमाण बघायचं, आणि फंड निर्देशांकापासून दरवर्षी किती मागे राहतो ते. लाख रुपयांवर दरसाल 10 टक्के परतावा धरला आणि त्यातून खर्चाचे 0.2 टक्के वजा झाले, तर 25 वर्षांनी साधारण 10 लाख 35 हजार होतात. दीड टक्का वजा झाला तर 7 लाख 69 हजार. हा फक्त हिशोब आहे, परताव्याची हमी नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी भाच्यानं चार एसआयपी बंद केल्या. निफ्टी 50 चा सर्वांत कमी खर्चाचा एक फंड ठेवला आणि उरलेल्यांतले दोन हजार नेक्स्ट 50 कडे वळवले. राहिलेले दोन हजार पोस्टातल्या आवर्ती ठेवीत, कारण पुढच्या तीन-चार वर्षांत लग्न आहे. शेजारी चुलते बसले होते. त्यांनी विचारलं, "यात तुझ्या ओळखीचं कोण आहे?" तो म्हणाला, "कुणीच नाही, आजोबा." त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि कंपन्यांची यादी पहिल्यापासून वाचायला लागले.