अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि नागरिकशास्त्राची परीक्षा

अमेरिकेत ग्रीन कार्डावर, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर, राहणाऱ्या मराठी घरांत नागरिकत्वाचा विषय निघाला की बोलणं आधी परीक्षेकडे वळतं. किती प्रश्न, किती बरोबर यायला हवेत, इंग्रजी कितपत विचारतात. अभ्यास करायला हवाच. पण परीक्षा एकदा हुकली तर त्याच अर्जावर पुन्हा देता येते. देशाबाहेर काढलेल्या दिवसांचा हिशेब चुकला तर मात्र काही वर्षं हातची जातात. म्हणून आधी दिवसांबद्दल.

पात्रता

अर्जाचा फॉर्म एन-४००. तो यूएससीआयएस या सरकारी खात्याकडे जातो. अर्जदाराचं वय १८ पूर्ण हवं आणि ग्रीन कार्ड मिळून ५ वर्षं झालेली हवीत. जोडीदार किमान ३ वर्षांपासून अमेरिकन नागरिक असेल आणि तेवढा काळ लग्नाच्या नात्यात दोघं एकत्र राहत असतील, तर ३ वर्षं पुरतात. ही वर्षं ग्रीन कार्डावर छापलेल्या 'रेसिडेंट सिन्स' या तारखेपासून मोजतात. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा विद्यार्थी व्हिसावरची वर्षं त्यात येत नाहीत. मुदत भरण्याच्या ९० दिवस आधी अर्ज पाठवता येतो, त्याहून लवकर नाही. ज्या राज्यातून अर्ज करायचा तिथे आधीचे ३ महिने वास्तव्य हवं.

दिवसांचे हिशेब दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळे सांभाळावे लागतात. पहिला, ५ वर्षांपैकी एकूण किमान ३० महिने (३ वर्षांच्या नियमात १८ महिने) प्रत्यक्ष अमेरिकेत असणं. विमानाने निघाल्याचा आणि परत उतरल्याचा असे दोन्ही दिवस अमेरिकेतलेच धरतात. दुसरा, वास्तव्य सलग असणं. एकच फेरी ६ महिन्यांहून लांबली तर वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरतात. ते तसं नव्हतं हे अर्जदाराने दाखवायचं: घर इथेच होतं, नोकरी सोडली नव्हती, कुटुंब इथेच होतं. फेरी १ वर्षाची किंवा त्याहून मोठी असेल तर मोजणी मोडतेच, आणि ५ वर्षांच्या नियमात परतल्यावर किमान ४ वर्षं आणि १ दिवस थांबावं लागतं. री-एंट्री परमिट (लांबच्या फेरीआधी घ्यायचा परत येण्याचा परवाना) घेतलं होतं म्हणून ही मोजणी वाचत नाही; त्या परमिटचा उपयोग परत येऊन ग्रीन कार्ड टिकवण्यापुरता.

मुलांकडे राहणाऱ्या आई-बाबांनी हे फार जपून पाहावं. हिवाळा लागला की पुण्याला किंवा कोल्हापूरला जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं, असं अनेकांचं ठरलेलं असतं. दर वर्षी साडेसहा महिने बाहेर राहिलं तर ५ वर्षांत इथले साडेसत्तावीस महिनेच भरतात आणि प्रत्येक फेरीही ६ महिन्यांच्या वर जाते. म्हणजे दोन्ही हिशेब फसले. तीच फेरी साडेपाच महिन्यांची केली तर इथले साडेबत्तीस महिने होतात. तिकीट काढताना एका महिन्याने इतका फरक पडतो. तरीही खरं घर कुठे आहे हे अधिकारी विचारू शकतात, त्यामुळे केवळ आकडा जुळवून निश्चिंत होऊ नये.

यानंतर वर्तणूक. इथे अटकेपासून करापर्यंत सगळं पाहिलं जातं, आणि ऑगस्ट २०२५ पासून अधिकाऱ्यांना गुन्हा नसण्याबरोबरच अर्जदाराचं एकूण वागणं आणि समाजातला सहभागही तोलायला सांगितलं आहे. कराच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ग्रीन कार्ड असताना कर वाचवण्यासाठी अनिवासी म्हणून रिटर्न भरलं, तर आपण इथले रहिवासी नाही असं स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं. १८ ते २६ वयात ग्रीन कार्ड असलेल्या पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे गरज पडल्यास सक्तीच्या लष्करभरतीसाठी ठेवलेल्या सरकारी यादीत, नोंदणी सक्तीची असते. त्या वयात सबंध काळ वैध विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना नव्हती.

कागदपत्रे आणि शुल्क

सगळ्यांना लागते ती ग्रीन कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत. मुलाखतीला मूळ ग्रीन कार्ड, राज्याचं ओळखपत्र, चालू आणि जुने सगळे पासपोर्ट न्यायचे. करखात्याकडून मिळणारी ५ वर्षांची (लग्नाच्या आधारे अर्ज असेल तर ३ वर्षांची) टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा उतारा) काढून ठेवा. लग्नाच्या आधारे अर्ज करणाऱ्यांना जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, आधीचं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम आणि एकत्र राहत असल्याचे कागद लागतात: घरभाड्याचा करार, संयुक्त बँक खातं, मुलांचे जन्मदाखले. कधीही अटक किंवा खटला झाला असेल तर, तो पुढे काढून टाकलेला असला तरी, न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत हवी.

ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा दाखला मराठीत असेल तर त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं. आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, असं भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावं लागतं. नावांची तपासणी आधीच करा. एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर मधलं नावच नाही, हे आपल्याकडे सर्रास असतं. आजवर वापरलेली सगळी नावं अर्जात लिहायची असतात. कायमचं नाव बदलायचं असेल तर ते याच अर्जात मागता येतं. मात्र तेव्हा शपथविधी न्यायालयातच व्हावा लागतो.

शुल्क ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या ४०० टक्क्यांपर्यंत असेल तर ३८० डॉलर, पण त्यासाठी अर्ज कागदावरच भरावा लागतो.

मुलाखत आणि परीक्षा

अर्जानंतर बोटांचे ठसे आणि फोटो, मग मुलाखत. अधिकारी शपथ घ्यायला लावून अर्जातला एकेक प्रश्न विचारतात, आणि तीच इंग्रजी बोलण्याची चाचणी असते. 'होय' किंवा 'नाही' म्हटल्यावर त्या शब्दाचा अर्थही विचारू शकतात. त्यामुळे छळ, निष्ठा, हुकूमशाही पक्ष अशा अर्थाचे इंग्रजी शब्द अर्जातच अधोरेखित करून समजून घ्या. वाचायला तीनपैकी एक वाक्य आणि लिहायला तीनपैकी एक वाक्य नीट जमलं की पुरतं.

२० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर अर्ज केला असेल तर नागरिकशास्त्राची नवी परीक्षा: १२८ प्रश्नांच्या यादीतून तोंडी २० पर्यंत प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १२ बरोबर. १२ बरोबर किंवा ९ चूक झाले की प्रश्न थांबतात. त्याआधीच्या अर्जांना जुनी यादी, १०० प्रश्नांतले १० पर्यंत आणि ६ बरोबर.

वडीलधाऱ्यांना सवलत आहे. अर्जाच्या दिवशी वय ५० आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची चाचणी माफ. नागरिकशास्त्र दुभाष्यामार्फत मराठीत देता येतं. वय ६५ आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं असतील तर फक्त २० प्रश्नांची यादी, त्यातले १० आणि ६ बरोबर. आजारामुळे शिकणं किंवा लक्षात ठेवणं शक्यच नसेल तर डॉक्टरांनी भरलेला एन-६४८ फॉर्म देऊन परीक्षेतून सूट मागता येते.

प्रश्नांची उत्तरं पाठ करण्याआधी ही राज्यव्यवस्था समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण पुढे मत याच व्यवस्थेत द्यायचं आहे. आपण भारतीय संसदेच्या सवयीने विचार करतो आणि तिथेच गोंधळ होतो. भारतात पंतप्रधान आणि मंत्री संसदेतूनच येतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक वेगळी, काँग्रेसची (दोन सभागृहांच्या तिथल्या संसदेची) वेगळी, आणि काँग्रेसचा सदस्य त्याच वेळी मंत्री राहू शकत नाही. काँग्रेसने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा संमत केला तर नकार मोडतो. न्यायालय तो कायदा घटनाबाह्य ठरवू शकतं. एकाच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये यासाठी ही रचना आहे हे कळलं, की यादीतल्या अनेक प्रश्नांची उत्तरं पाठ न करता येतात.

काँग्रेसच्या खालच्या सभागृहाचे, म्हणजे प्रतिनिधीगृहाचे, मतदान करणारे ४३५ सदस्य दर २ वर्षांनी लोकांसमोर जातात, म्हणजे लोकमताच्या जवळ राहतात. वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे, सदस्य १००, राज्य लहान असो की मोठं प्रत्येकी दोनच, मुदत ६ वर्षं. सर्वोच्च न्यायालयात ९ न्यायाधीश आणि निवृत्तीचं वय नाही. भारतात ते ६५ आहे. आणखी एक मोठा फरक: भारतात घटनेने कुणालाच न दिलेले अधिकार केंद्राकडे जातात. अमेरिकेत दहाव्या दुरुस्तीप्रमाणे ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. शाळा, पोलीस, वाहन परवाना हे विषय राज्यागणिक वेगळे का, याचं उत्तर इथे आहे. अर्थव्यवस्था बाजाराधारित, आणि केंद्राच्या आयकराला आधार आहे तो १९१३ च्या सोळाव्या दुरुस्तीचा. कर का भरायचे हाही यादीतला प्रश्न आहे.

हा अर्ज करण्याचा हक्कही आपल्या लोकांना सहज मिळालेला नाही. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचं नागरिकत्व १९१० मध्ये अपिलात टिकलं, पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून अपात्र ठरवले. हे दार १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने उघडलं.

परीक्षेत अपयश आलं तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते. अर्ज नाकारला तर ३० दिवसांत एन-३३६ फॉर्मने सुनावणी मागता येते.

शपथेनंतर

मंजुरी मिळाली तरी शपथ घेईपर्यंत आपण नागरिक नसतो. त्याआधी वाहन परवान्याच्या खिडकीवर कुणी विचारलं म्हणून मतदार नोंदणीवर सही करू नका. त्याने नागरिकत्वच नव्हे, ग्रीन कार्डही धोक्यात येतं. शपथविधीला ग्रीन कार्ड परत द्यायचं आणि प्रमाणपत्र घ्यायचं. त्यावरचं नाव, जन्मतारीख तिथल्या तिथे वाचून पाहा. मग अमेरिकन पासपोर्टचा अर्ज आणि सोशल सिक्युरिटी कार्यालयात नोंद. ग्रीन कार्ड असलेली १८ वर्षांखालची मुलं नागरिक झालेल्या पालकाच्या कायदेशीर ताब्यात आणि त्याच्यासोबत इथे राहत असतील तर तीही आपोआप नागरिक होतात.

भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ तसं सांगतं. शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नये. तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं भारत सरकारचं कार्ड) अर्ज करायचा. ओसीआयवर भारतात येणं-राहणं मोकळं होतं, मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते, पण गावाकडे शेत घ्यायचं मनात असेल तर तो निर्णय एन-४०० भरण्याआधी घरात बोलून घ्यावा.