कॉलिन्स, (कॅनन) लुइस जॉन

कॉलिन्स, लुइस जॉन : (२३ मार्च १९०५ – ३१ डिसेंबर १९८२). अँग्लिकन धर्मगुरू, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या शाही हवाई दलातील पाद्री आणि पुढे अण्वस्त्रविरोधी व वर्णद्वेषविरोधी चळवळींचे अग्रणी. जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यात हॉकहर्स्ट येथे. केंब्रिजला शिक्षण घेऊन १९२८ मध्ये त्यांनी पौरोहित्याची दीक्षा घेतली. १९३८ पासून ते ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात डीन होते. घरचे वळण हुजूरपक्षाचे असले तरी तिशीत त्यांचा कल मजूर पक्षाकडे झाला.

ब्रिटिश फौजेतला पाद्री हुद्द्याने अधिकारी असतो, गणवेश घालतो, पण शस्त्र धरत नाही. उपासना चालवणे, जखमींजवळ बसणे, मृतांना मूठमाती देणे, धास्तावलेल्या पोरांचे ऐकून घेणे ही त्याची कामे. भारतीय सैन्याच्या पलटणींतही पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री असतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही जागा अगदीच परकी नाही. तिच्यातली अडचणही सगळीकडे सारखीच आहे. पाद्री सैनिकाच्या सद्सद्विवेकाचा राखणदार, आणि त्याच वेळी त्याला लढायला धाडणाऱ्या यंत्रणेचा नोकर. कॉलिन्स यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचे मूळ या पेचात आहे.

१९४० मध्ये ते हवाई दलात दाखल झाले. विल्टशरमधील येट्सबरीच्या प्रशिक्षण तळावर काही काळ काढल्यावर त्यांची नेमणूक हाय विकंबजवळ बॉम्बवर्षक दलाच्या मुख्यालयात झाली. जर्मन शहरांवरील रात्रीच्या हल्ल्यांचे हुकूम इथून सुटत. या दलाच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ जण युद्धात मेले. खाली शहरांत जळून मेलेल्या नागरिकांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. कॉलिन्स यांनी तिथे व्याख्याने सुरू केली आणि विमान-उत्पादन मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांना बोलावले. हे तेच क्रिप्स, १९४२ मध्ये स्वराज्याचा प्रस्ताव घेऊन दिल्लीला आलेले. हल्ला नैतिकदृष्ट्याही समर्थनीय असेल तरच माणसे पाठवावीत, अशा आशयाचे क्रिप्स बोलले. दलप्रमुख आर्थर हॅरिस यांना ते झोंबले. उत्तरादाखल हॅरिस यांचे सहायक, ऑक्सफर्डचे नीतिशास्त्रज्ञ वेल्डन यांचे ‘बॉम्बफेकीची नीती’ या विषयावर भाषण झाले. ते संपल्यावर कॉलिन्स यांनी विचारले, विषयाचे नाव चुकले तर नाही ना, ते ‘नीतीवर बॉम्बफेक’ असे हवे होते का? भर मुख्यालयात, अधिकाऱ्यांच्या देखत हे विचारायला छाती लागते.

१९४६ च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या नगरभवनात त्यांनी सभा भरवली. सभागृह अपुरे पडले. या सभेतून ‘ख्रिश्चन ॲक्शन’ ही संघटना उभी राहिली. तिचे पहिले मोठे काम कालच्या शत्रूशी समेटाचे होते : १९४८ मध्ये तिने बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाला लंडनला आणले. त्याच वर्षी कॉलिन्स लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे कॅनन (तिथल्या धर्मगुरू-मंडळाचे सदस्य) झाले आणि १९८१ पर्यंत त्या पदावर राहिले. कॅथीड्रलजवळच्या आमेन कोर्टमधील त्यांचे घर पुढे चळवळींची कचेरीच बनले.

अण्वस्त्र निःशस्त्रीकरण मोहिमेच्या सुरुवातीच्या बैठका याच घरात झाल्या. १७ फेब्रुवारी १९५८ रोजी वेस्टमिन्स्टरमधील जाहीर सभेने ती सुरू झाली. कॉलिन्स अध्यक्ष, तर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल मानद अध्यक्ष होते. लंडन आणि ऑल्डरमास्टनचे अण्वस्त्र-संशोधन केंद्र यांदरम्यान ईस्टरच्या सुट्टीत निघणाऱ्या मोर्चांत पायघोळ झग्यातले कॉलिन्स आघाडीला चालताना दिसत. १९६० मध्ये दोघांत फूट पडली. रसेल यांना सविनय कायदेभंग हवा होता. कॉलिन्स यांचा भर कायद्यात राहून मजूर पक्षाचे मन वळवण्यावर होता. त्या वर्षी पक्षाच्या स्कारबरो अधिवेशनात एकतर्फी निःशस्त्रीकरणाचा ठराव संमतही झाला, पण पुढल्याच वर्षी तो फिरवला गेला. १९६४ मध्ये कॉलिन्स पायउतार झाले.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र दक्षिण आफ्रिकेसाठीचे, आणि ते बरेचसे गुपचूप झाले. डिसेंबर १९५६ मध्ये तिथे १५६ जणांवर राजद्रोहाचा आरोप आला. त्यांत नेल्सन मंडेलाही होते. कॉलिन्स यांनी बचावाच्या खर्चाची हमी घेतली. खटला रेंगाळला आणि मार्च १९६१ मध्ये उरलेले आरोपीही निर्दोष सुटले. यातूनच ‘डिफेन्स अँड एड’ (बचाव व साहाय्य) निधी वाढला. १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यावर बंदी घातली. त्यानंतर त्याचा पैसा घेणे हाच तिथे गुन्हा ठरला.

यावर काढलेली युक्ती साधी आणि चोख होती. वकिलांची फी लंडनच्या सॉलिसिटरांच्या साखळीतून जाई. मूळ दाता कोण, हे जोहान्सबर्गच्या वकिलाला कळत नसे. कैद्यांच्या घरच्यांसाठी पत्रलेखक होते : ब्रिटनमधील साधी माणसे. पाकिटात थोडी रक्कम आणि ओळखीच्या माणसाने लिहावे तसे घरगुती पत्र, मुलांची शाळा कशी चालली आहे, थंडी फार आहे का, असे. निधीचे नाव कुठेही नाही. तिकडून आलेले उत्तर लंडनला पोचते होई आणि फायलीत लागे. अशा वाटांनी सुमारे पंचवीस वर्षांत अंदाजे १० कोटी पौंड दक्षिण आफ्रिकेत पोचले. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या विश्वस्त निधीचाही याला हातभार होता. संयुक्त राष्ट्रांच्याच वर्णद्वेषविरोधी समितीचे सचिव, भारतीय अधिकारी एनुगा रेड्डी हे या कामी कॉलिन्स यांचे जवळचे सहकारी होते.

लंडनच्या रस्त्यावर कायदा मोडायला नकार देणारा हाच माणूस दुसऱ्या देशाचा कायदा वर्षानुवर्षे शांतपणे मोडत होता. यात विसंगती शोधता येते, पण ती वरवरची आहे. ब्रिटनमध्ये मतपेटीने कायदा बदलता येत होता. दक्षिण आफ्रिकेत बहुसंख्यांना मतच नव्हते.

पत्नी डायना या कामात बरोबरीने होत्या. कॉलिन्स यांच्या निधनानंतर निधीची धुरा बिशप ट्रेव्हर हडलस्टन यांनी घेतली. १९९० मध्ये बंदी उठली आणि पुढल्या वर्षी लंडनची कचेरी बंद झाली.