अमरधामात दोन जर्सी : वादाची पार्श्वभूमी

गेल्या आठवड्यात नाशिकच्या अमरधामात फुटबॉलच्या एका जुन्या लेफ्ट आऊटला (डाव्या कडेने चढाई करणारा खेळाडू) निरोप देताना जो प्रकार झाला, त्याचा व्हिडिओ एव्हाना बहुतेकांनी पाहिला असेल. पार्थिवावर क्लबची जर्सी आधीपासून होती. कारखान्यातले जुने सहकारी आले आणि त्यांनी तिच्यावर आपली पसरली. कोणीतरी ती उचलून बाजूला ठेवली, आवाज चढले, मुलाला मध्ये पडावं लागलं. 'मेलेल्या माणसाला तरी सोडा' ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे. पण हे भांडण त्या सकाळी सुरू झालेलं नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी एका पावसाळी टुर्नामेंटमध्ये ते सुरू झालं आणि 'गेस्ट' या एका शब्दावरून पेटलं.

फार मागे जायचं तर देवळालीच्या छावणीपर्यंत जाता येईल. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे अडकून पडलेले गोरे शिपाई, त्यांच्या वैतागातून इंग्रजीत गेलेला 'डूलॅली' (म्हणजे डोकं फिरलेला) हा शब्द, १९४८ नंतर तिथे स्थिरावलेली तोफखान्याची शाळा. आजच्या वादाशी या सगळ्याचा संबंध थोडा. ज्या पिढीने आपल्या या लेफ्ट आऊटला चेंडू मारायला शिकवलं, ती मात्र लक्षात ठेवावी लागते. ती अनवाणी खेळलेली होती. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला, तेव्हा कुठे आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. आपल्याकडचे सामने सत्तर मिनिटांचे असायचे, नव्वदचे नव्हे. म्हणून ही माणसं शेवटपर्यंत 'पस्तीस-पस्तीस' म्हणत राहिली.

खरी गुंतागुंत नोकरीची. युरोपात खेळाडू क्लबचा पगार खातो, त्यामुळे तो कोणाचा हा प्रश्न करारातच मिटतो. आपल्याकडे खेळाडू कागदोपत्री हौशी. त्याच्या घरची चूल पेटायची ती रेल्वे, बँक, गिरणी किंवा लष्कराच्या पगारावर. संतोष ट्रॉफीकडे नीट पाहिलं तर ही गंमत राष्ट्रीय पातळीवरही दिसते. नावाला ती राज्यांची स्पर्धा, पण त्यात सेनादल आणि रेल्वे हे दोन मालकांचे संघ. साठच्या दशकात रेल्वेने ती तीनदा जिंकली; १९६३-६४ ला महाराष्ट्राने जिंकली. म्हणजे महाराष्ट्रात जन्मलेला, इथल्याच मैदानावर वाढलेला मुलगा रेल्वेत चिकटला की महाराष्ट्राविरुद्ध उतरणार, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मुंबईत तर अर्धी लीग नोकरीवाल्यांची. मुलगा चांगला खेळतो म्हटल्यावर बाप पहिला प्रश्न विचारायचा, 'भरती कुठे होईल?'

नाशिकमध्येही तेच, फक्त आकार लहान. नोकरी कारखान्यात, जीव गल्लीतल्या क्लबात. कारखान्याच्या संघातून खेळलं की स्पेशल कॅज्युअल रजा मिळे, बूट मिळत, प्रमोशनच्या वेळी फाइलवर एक ओळ जास्त लागे. क्लबातून खेळलं की सामन्यानंतर दोन वडापाव आणि पूर्ण मोहल्ल्यासमोर ताठ मान. बहुतेक जण दोन्हीकडे खेळत. लीगला एक, पावसाळी टुर्नामेंटला दुसरा. रीतसर नियम सांगतो की एका वेळी खेळाडूची नोंदणी एकाच संघाकडे. पण निमंत्रितांच्या स्पर्धेत 'गेस्ट' चालायचे, आणि याच फटीतून सगळे ये-जा करत.

आता त्या फायनलबद्दल. ऐंशीच्या दशकातला ऑगस्ट, मैदानात घोट्यापर्यंत चिखल, गोलपोस्टपाशी भुसा टाकलेला. एका बाजूला क्लब, दुसऱ्या बाजूला कारखाना. आणि ज्याचं नोंदणीचं कार्ड क्लबकडे, तो लेफ्ट आऊट कारखान्याच्या जर्सीत मैदानात उतरला. मी तेव्हा नववीत, टचलाइनवर छत्री धरून उभा. तो वॉर्मअप करताना आमच्याकडे बघत नव्हता, एवढं पक्कं आठवतं. सामन्यातला एकमेव गोल त्याच्याच क्रॉसवर झाला.

क्लबने शिट्टी वाजायच्या आत प्रोटेस्ट टाकली. प्रोटेस्ट म्हणजे लेखी अर्ज अधिक फी; निकाल बाजूने लागला तर फी परत, नाहीतर जप्त. मुद्दा एवढाच होता की गेस्ट म्हणजे कोण? स्पर्धेच्या पत्रकात मराठीत छापलं होतं, 'प्रत्येक संघास दोन पाहुणे खेळाडू (अन्य संघाचे) घेता येतील.' क्लबचं म्हणणं, पाहुणा म्हणजे बाहेरगावचा. मनमाडचा, भुसावळचा, मुंबईचा. ज्याचं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर, तो पाहुणा कसा? आणि जो संघ याच स्पर्धेत खेळतोय, त्याचाच माणूस उचलून त्याच्याच विरुद्ध उभा करायचा, हे कुठल्या नियमात बसतं? कारखान्याचं म्हणणं, कंसात 'अन्य संघाचे' लिहिलंय, 'अन्य गावचे' नाही. त्याचं कार्ड आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. म्हणजे आमच्यासाठी तो गेस्टच.

समितीने मांडवाखाली अर्ध्या तासात निकाल दिला. कंस ग्राह्य, प्रोटेस्ट फेटाळली, फी जप्त. कागदावर निकाल बरोबर होता हे मान्य करावं लागतं. पण कंस लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्पर्धेबाहेरचे संघ होते, हेही शेंबडं पोर सांगेल. शिवाय फी जप्त करायची काही गरज नव्हती. ती रक्कम गल्लीतून वर्गणी काढून जमवलेली, आणि लोक हरल्यापेक्षा त्या पैशांचंच जास्त दिवस बोलत राहिले.

खेळाडूला कोणी काही विचारलं नाही. त्याने कारखान्याला नकार दिला असता तर काय झालं असतं, याचा विचार तेव्हा आमच्यापैकी कोणी केला नाही. तो नोकरीत नवा होता, कायम व्हायचा होता. पुढचे दोन पावसाळे गल्लीत त्याच्याशी कोणी धड बोललं नाही. चहाच्या टपरीवर तो आला की कोणीतरी मुद्दाम ओरडायचं, 'पाहुण्यांना बसायला द्या रे!' तो हसून चहा घ्यायचा. मग एका संध्याकाळी तो क्लबच्या पोरांना कॉर्नर मारायला शिकवताना दिसला, आणि पुढची तीस वर्षं दिसतच राहिला. फुकट. ज्या पोरांनी परवा अमरधामात जर्सी उचलली, ती बहुतेक त्याच्याच हाताखालची. त्यांना ती फायनल ऐकून माहीत.

दरम्यान नोकरीवाल्यांचं फुटबॉल देशभर आटत गेलं. १९९६ ला राष्ट्रीय लीग आली, २००७ ला तिची आय-लीग झाली, क्लब परवान्यांची भाषा सुरू झाली. २००५-०६ ला देशात पहिला आलेला मुंबईचा कंपनी संघ, महिंद्रा युनायटेड, २००९-१० च्या हंगामानंतर बंद झाला. पंजाबातल्या कापड गिरणीचा संघ, जेसीटी, हाही २०११ मध्ये मिटला. २०१४ पासून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. नाशिकला यातलं थेट काहीच मिळालं नाही. गोल्फ क्लबवर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तोंडात अजून गोल्फ क्लबच) रणजीचे सामने होतात. फुटबॉल तासाच्या भाड्याच्या टर्फवर गेला, जाळीच्या आत, दिव्यांखाली, सात-सात जणांचा. तिथे प्रत्येक जणच गेस्ट. ज्याने पैसे भरले तो खेळला. रोज नवा संघ.

शोकाची पद्धतही बाहेरूनच आली. आमच्या लहानपणी मैदानावर कोणी गेलं तर एक मिनिट उभं राहायचं, हाताला काळी फीत, झालं. २००५ मध्ये उत्तर आयर्लंडचा लाडका विंगर जॉर्ज बेस्ट गेला, त्यानंतर इंग्लंडमध्ये शांततेऐवजी टाळ्या वाजवायची प्रथा पसरली. नोव्हेंबर २०२० मध्ये अर्जेंटिनाच्या दहा नंबरसाठी, मॅराडोनासाठी, केरळात क्रीडाक्षेत्राचा दोन दिवसांचा सरकारी दुखवटा पाळला गेला. जर्सी पांघरणं, स्टेटस ठेवणं, नंबर कायमचा बंद करायची मागणी हे सगळं पोरांनी स्क्रीनवर पाहिलेलं. मात्र तिकडे जर्सी एकच असते.

मुलाने त्या दिवशी दोन्ही राहू दिल्या. वर कारखान्याची, खाली क्लबची. 'घर त्यांच्या पगारावर उभं राहिलं,' एवढंच तो म्हणाला, आणि त्यावर कोणाला काही बोलता येईना.

व्हिडिओ इथे संपतो. पुढचं तिथे असलेल्यांनी पाहिलं. लाकडं रचून झाल्यावर अमरधामातला माणूस पुढे आला, वरच्या जर्सीची कड बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, ही काढून घ्या. पॉलिस्टर आहे, अंगाला चिकटतं." मग खालची चोळली. ती कॉलरची, जुनी, कॉटनची. रंग उडालेला, पाठीवरचा अकरा हाताने शिवलेला.

"ही राहू द्या," तो म्हणाला.

कारखान्याची जर्सी मुलाने घडी करून घरी नेली.